तिसरा सिलिंडर आणि दिव्या मॅडमचा कॅमेरा

"काका, व्हॉल्व्ह जळालाय. बघा ना," म्हणत दिव्याने लॅपटॉप उद्धवरावांकडे वळवला. उद्धवरावांनी नेमका तेव्हाच चष्मा पुसायला काढला.

चाकण एमआयडीसीतल्या त्या वर्कशॉपमध्ये छोट्या विमानांची इंजिनं दुरुस्तीला येत. उद्धवराव तिथे सव्वीस वर्षं होते. चालत्या इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि दुखणं सांगायचं, ही त्यांची ख्याती. निगडीच्या दिव्याला येऊन जेमतेम चार महिने झाले होते. पण तिच्याकडे पेन्सिलीहून बारीक कॅमेरा होता. प्लगच्या भोकातून आत सोडला, की सिलिंडरचं पोट पडद्यावर दिसायचं.

आत्ताचं इंजिन एका फ्लाइंग क्लबच्या शिकाऊ विमानाचं होतं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये दाब टिकत नव्हता. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, असं उद्धवरावांनी सांगून टाकलं होतं. कॅमेऱ्याने दाखवलं, की सिलिंडरची भिंत ठणठणीत आहे आणि धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूने करपली आहे. मालक दादासाहेबांनी तो फोटो सगळ्यांना दाखवला. "याला म्हणतात निदान!"

चऱ्होलीला घरी पोचल्यावर उद्धवरावांनी हे सगळं बायकोला तणतणत सांगितलं. कुसुमताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, आपला मिक्सर खरखरतोय. तो दाखवा की त्या मॅडमला."

उद्धवराव अर्ध्या जेवणावरून उठले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले आणि उद्धवराव मागे राहिले. इंजिनाचा ऑइल फिल्टर ट्रेमध्ये पडला होता. आत काही झिजत असलं, की धातूचे कण फिल्टरच्या कागदात अडकतात. फिल्टर उघडायचं खास कटर दिव्याच्या कपाटात होतं. किल्ली तिच्याकडे मागायची? त्यापेक्षा उद्धवरावांनी लोखंड कापायचा हॅक्सॉ उचलला, फिल्टरचा पत्र्याचा डबा खसाखसा कापला आणि आतला कागद पसरला. कण चमकत होते. चुंबक फिरवलं, तर सगळे पटापट चिकटले. पोलाद!

"साहेब, व्हॉल्व्हचं काय घेऊन बसलाय! आतला कॅमशाफ्ट खलास हाय!"

दादासाहेब हादरले. विमान काही मोटारीसारखं कडेला घेऊन उभं करता येत नाही. "सगळं उघडा! हे कण सीलबंद करा, लॅबला पाठवू."

"फिल्टरचा डबा कुठंय?" दिव्याने विचारलं.

"भंगारात टाकला," उद्धवराव ऐटीत म्हणाले. तीन दिवस ते शीळ घालत इंजिन उघडत होते.

चौथ्या दिवशी कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, बाहेर आला. आरशासारखा लखलखीत! बेअरिंग नव्यासारखी, गिअर धडधाकट. तीनतीनदा मोजमाप झालं, पण कुठेच काही झिजलं नव्हतं.

उद्धवराव हात पुसायला टेबलापाशी गेले. हॅक्सॉखाली पोलादाचा बारीक चुरा पडला होता. चमकदार, अगदी तसाच.

तिकडे दादासाहेब फोनवर क्लबला सांगत होते, "पोलाद आलंय, पण कुठून तेच कळत नाही. तुमची याच इंजिनाची बाकीची तीन विमानंसुद्धा आजपासून उडवू नका..."

गप्प बसलं असतं, तर कोणाला कळणार होतं? उद्धवराव दोन पावलं मागे सरले, थबकले आणि तरातरा पुढे आले.

"साहेब, फोन ठेवा. ते पोलाद इंजिनाचं न्हाई. मी हॅक्सॉनं डबा कापला, त्याचा चुरा हाय."

दादासाहेबांनी फोन ठेवला. "उद्धवराव, तुम्ही?" एवढंच बोलून ते केबिनमध्ये गेले. ओरडले असते तर बरं, असं उद्धवरावांना वाटलं.

करपलेला व्हॉल्व्ह बदलायला घेतला, तेव्हा दिव्या शेजारी येऊन उभी राहिली. "शंका आली होती मला. पण तुमच्यासारखा माणूस फिल्टरला हॅक्सॉ लावेल, असं मनातसुद्धा आलं नाही."

उद्धवरावांनी वाकून पाना उचलला.

"मनाला लावून घेऊ नका, काका," ती हळूच म्हणाली. "पहिल्या नोकरीत मीसुद्धा हेच केलं होतं. हॅक्सॉनेच."

उद्धवरावांचा चेहरा जरा खुलला. "काय सांगतेस! मग? आख्खं इंजिन उघडलं?"

"दोन उघडली. त्या विमानाला दोन होती ना."

उद्धवरावांचा चेहरा पुन्हा पडला.

"दोन! यातबी तूच पुढं!" ते पुटपुटले आणि त्यांनी हातातला पाना जरा जास्तच जोरात आवळला.