मगदुमांच्या घरी आलेलं स्थळ

सकाळी फिरायला जायची सवय रविवारी चार वाजता मगदुमांच्या घरी अप्पांना बघायला येणार होती. शकूवहिनींनी पोह्यांवर खोबरं सढळ हातानं पेरलं, कारण असलं स्थळ काही रोज चालून येत नाही.

सूतगिरणीला कुलूप लागल्यापासून इचलकरंजीत सवयींना मागणी फार. गिरणी उघडणार की भंगारात जाणार, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं, आणि डॉक्टर जो येईल त्याला म्हणत होते, "चांगली सवय लावून घ्या." म्हणायला त्यांचं काय जातं! सवयी आता घरदार बघितल्याशिवाय येईनाशा झाल्या होत्या. चौगुल्यांच्या घरी दिलेली योगासनं आठवड्याच्या आत डोळे पुसत माहेरी परतली. त्यांच्या सतरंजीवर चौगुलेकाकूंनी सांडगे वाळत घातले होते.

"अगं, आपल्या हातानं सवत आणतीस घरात?" शेजारच्या पारूआक्कांनी भिंतीवरून विचारलं.

"ह्यांना रोज घराबाहेर काढणार असेल, तर खणानारळानं ओटी भरून आणते," वहिनी म्हणाल्या.

बोलल्या हसून, पण अगदी मनापासून. गिरणीत मुकादम म्हणून पाळीभर साच्यांमधून फिरणारा हा माणूस आता दिवसभर कोचावर बसून मोबाइलमधल्या वाईट बातम्या वाचायचा आणि चहा मागायचा. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ब्लडप्रेशर असंच राहिलं तर एक दिवस झटका येईल." तेव्हापासून अप्पा घोरायचे थांबले की वहिनी त्यांच्या नाकाशी बोट धरून बघत.

सवय वेळेवर आली. सडपातळ, उन्हानं रापलेली, पायांत कॅनव्हासचे बूट. ते तिनं रीतीप्रमाणे दारात काढले. बरोबर तिचे मामा होते, पहाटेचं उठणं. त्यांची झोपायची वेळ जवळ आल्यामुळे ते जांभया आवरत होते. सवयीला बसा म्हटलं तर ती अवघडली. ती सोप्यात येरझारा घालत बोलू लागली, आणि सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर इकडून तिकडे फिरू लागल्या.

"उठता किती वाजता?" मामांनी विचारलं.

"पहाटे पाचला," वहिनींनी ठोकून दिलं. स्थळ बघायला आल्यावर चार गोष्टी वाढवून सांगायच्याच असतात. "उठले की सूर्यनमस्कार. चहाला तर शिवत नाहीत."

अप्पांच्या हातात तेव्हा कपबशी होती. त्यांनी ती खाली ठेवली.

"खोटं आहे ते," ते म्हणाले. "गिरणीचा भोंगा वाजायचा तेव्हा उठायचो. आता भोंगा नाही, झोपही नाही. आणि उठून जाऊ कुठं? तुमच्याबरोबर निघालो तर पोचायचं कुठं?"

सवय पहिल्यांदाच थांबली. "आम्ही पोचत नाही," ती म्हणाली. "निघतो आणि परत येतो."

"मग निघायचं कशाला? बिनकामाचा रस्त्यानं फिरताना बघून लोक काय म्हणतील? मगदूम मुकादम रिकामा झाला, असंच ना?" अप्पांचा आवाज चिरकला. तो कुणी ऐकला नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

मामांनी भाचीकडे बघितलं, भाचीनं मामांकडे. मग मामा घसा खाकरून म्हणाले, "नंतर कळवतो म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मुलगा नको. आम्हाला वहिनी पसंत आहेत."

"अगं बाई!" वहिनींच्या हातातली पोह्यांची ताटली कलंडली. "मला कशाला? मला कामं आहेत!"

"म्हणूनच," सवय म्हणाली. "काम नसताना तुम्ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंय कधी?"

वहिनींनी आठवून बघितलं. आठवेना. त्यांना एकदम रडू आलं आणि मग त्या रडण्याचा रागही आला. पण घरी आलेल्या स्थळाला नाही म्हणायचं मगदुमांच्या घराण्यात नव्हतं. बोलणी पक्की झाली, साखर वाटली गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना सवयीनं कडी वाजवली आणि वहिनी तिच्याबरोबर निघून गेल्या. अप्पा उठले तर घरात चहा नाही, आणि चहा करावा तर साखरेचा डबा सापडेना. हाका मारून बघितल्या. शेवटी पायात चपला सरकवून ते बाहेर पडले. दोघी कोपऱ्यावर दिसल्या, पण थांबायला तयार नाहीत. "अगं, साखर कुठंय?" करत अप्पा थेट पंचगंगेच्या घाटापर्यंत गेले आणि उत्तर न मिळाल्यामुळे मागोमाग घरापर्यंत आले. घामाघूम झाले होते. त्या रात्री ते गाढ झोपले.

आता हे रोजचंच झालंय. वाटेत कुणी विचारलंच, तर अप्पा ताठ मानेनं सांगतात, "फिरायला नाही चाललो. कामाला चाललोय. चहापूड कुठं ठेवलीय ते विचारायचंय." परवा डॉक्टरांनी ब्लडप्रेशर मोजलं आणि ते उतरलेलं बघून काय केलंत म्हणून विचारलं. अप्पा म्हणाले, "काही नाही. बायकोचा घरात पाय ठरत नाही."

काल घाटाच्या वळणावर सवयीनं विचारलं, "आज काय लपवलंय, वहिनी?"

"हळू बोल, मागं आहेत," वहिनी म्हणाल्या आणि चाल वाढवली. "चष्मा."