भांडारपालांच्या गाण्याचे मंजूर कारण

प्रत्येक कर्मचाऱ्याचे एक सर्वकालीन आवडते गाणे असावे आणि ते का आवडते हे त्याने सोमवारच्या बैठकीत सर्वांसमक्ष सांगावे, असे आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाने ठरवले. उद्देश आपुलकी वाढवण्याचा होता, कारण पाणी वाढवणे आमच्या हातात नव्हते. त्यासाठी समिती नेमली आणि सचिवपद माझ्याकडे आले. माणसांची मने ओळखण्यात माझा हातखंडा आहे, असे मीच साहेबांच्या कानावर घातले होते.

सुरुवात झकास झाली. टंकलेखिकाबाईंचे गाणे मोडलेल्या लग्नाचे निघाले, रोखपालांचे परागंदा भावाचे. साहेब तर स्वतःच्या गाण्यावर इतके रडले की त्या दिवशी कुणाच्याही तक्रारी घेता आल्या नाहीत. मग भांडारपालांची पाळी आली. हे गृहस्थ तळघरात नळ, तोट्या आणि वायसर सांभाळतात आणि दिवसभर एकच गाणे गुणगुणतात. त्या गाण्यावर त्यांचा भारी जीव.

"का आवडतं?" मी विचारले.

"बरं वाटतं."

"ते झालं हो. कारण सांगा."

"हेच की. ऐकलं की बरं वाटतं."

बैठकीत चुळबुळ सुरू झाली. नुसते बरे वाटावे म्हणून गाणे ऐकणारा माणूस इतकी वर्षे आमच्यात राजरोस वावरत होता. सबळ कारण नसलेले गाणे कार्यालयीन वेळेत गुणगुणू नये, असा ठराव तिथल्या तिथे झाला. आठवडाभरात कारण न मिळाल्यास भांडारपालांना कार्यालयातर्फे दुसरे गाणे मिळणार होते. ते साहेबांनी स्वतः रचलेले, पाणीबचतीवरचे होते आणि काही केल्या संपत नसे.

भांडारपाल तोंड पाडून माझ्याकडे आले. "सर, तेवढं गाणं गेलं तर त्या तळघरात दिवस कसा काढू?"

मला खरेच वाईट वाटले. "वडिलांचं काहीतरी सांगा," मी म्हणालो. "शेवटच्या घटकेला त्यांनी हेच गाणं ऐकायला मागितलं, असं."

"पण बाबा चांगले ठणठणीत आहेत."

"कार्यालयाला कुठे ठाऊक आहे?"

सोमवारी त्यांनी मान खाली घालून तसे सांगितले. सगळे हुंदके देऊ लागले आणि कारण 'अतिहृदयस्पर्शी' या वर्गात मंजूर झाले. त्यानंतर ते गुणगुणू लागले की कुणीतरी तळघरात उतरून त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागे. एकदा कोरड्या डोळ्यांनी गुणगुणताना सापडले म्हणून त्यांना समज देण्यात आली. शेवटी साहेब फुले घेऊन, समितीसह, सांत्वनाला त्यांच्या घरी गेले. दार वडिलांनी उघडले.

प्रकरण काय आहे ते कळल्यावर त्यांनी मुलाला हाक मारली. "कधी मारलंस रे मला?"

"सोमवारी, बाबा. बैठकीत."

"आणि गेलो कशानं?"

"ते कुणी विचारलं नाही."

म्हातारा पोट धरून हसला आणि म्हणाला, "फुलं ठेवा तिथे, चहा घेऊन जा." साहेब मात्र हसले नाहीत. मंजूर कारण मागे घेण्याची तरतूद आमच्याकडे नाही. त्यामुळे वडील कार्यालयीन कामकाजापुरते दिवंगत ठरले. घरचा नळ त्यांच्याच नावावर होता आणि मयताच्या नावे पाणी सोडता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी जोडणी तोडण्यात आली.

"बाबा बादल्या घेऊन जिने चढतात, सर," भांडारपाल म्हणाले.

मी नियम समजावून सांगितला: मंजूर कारण मागे घेता येत नाही, पण गाणेच सोडले तर ते आपोआप रद्द होते. वडील हयात हवे असतील तर गाणे सोडावे लागेल. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. संध्याकाळी नळाला पाणी आले आणि पुढच्या सोमवारी ते साहेबांचे पाणीबचतीचे गाणे घेऊन उभे राहिले.

"हे का आवडतं?" मी विचारले.

"बाबा जिवंत आहेत म्हणून."

साहेबांनी डोळे पुसले. आपल्या गाण्याने कुणाचे वडील वाचतील, असे त्यांना रचताना वाटले नव्हते. कारण एकमताने मंजूर झाले. तळघर आता शांत असते आणि वायसर हल्ली पटकन सापडत नाहीत.

आता तुमचे बोला. आवडते गाणे मघाशीच तुमच्या मनात येऊन गेले आणि तेव्हापासून तुम्ही चारचौघांत शोभेलसे कारण जुळवत बसला आहात, हे मला इथून दिसते आहे. जुळवा, हरकत नाही. फक्त घरचा नळ कुणाच्या नावावर आहे तेवढे आधी पाहून घ्या.