हिमाईचे दार फोडावे की न फोडावे, याची बखर

॥ श्री ॥ तेजास नमन, आणि अंधारासही नमन. कारण अंधारात काय नांदते हे तेजास ठाऊक असतेच ऐसे नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

दौलतीचे धनी भास्कर महाराज मध्यभागी सिंहासनी विराजमान, आणि ग्रह सरदार आपापल्या अंतरावरून प्रदक्षिणा घालीत, आणि एवढ्या थोर मुलखात नांदते गाव म्हणावे तर पृथ्वीबाईंचे एकटे. मग महाराजांचे मनात आले की गुरू सरदार देहाने सर्वांत थोर, पदरी चंद्रकन्यांचा गोतावळा, तरी त्यांचे महाली जीव नांदतो किंवा नांदेल, याची पाहणी करावी. त्यास दप्तरदार बुधाजीपंत, महाराजांचे अगदी पायाशी बसणारे, यांनी जुना शिरस्ता सांगितला, की ज्या गावी बाहेरून दिवा दिसत नाही ते बेचिराग समजावे, आणि बेचिराग गावची दारे-तुळया फोडून नेण्यास कोणाची मनाई नसावी. पाहणीस धूमाजी जासुदाची नेमणूक जाहली. हा जातीचा धूमकेतू, अंगाने बर्फाचा, आणि मुजऱ्यास महाराजांजवळ आला की अंगचे थोडे वितळून पाठीमागे शेपटासारखे उडे. म्हणोन होता होईल तो दुरूनच निरोप धाडी.

मजल दरमजल करीत धूमाजी गुरूचे महाली पोहोचला, आणि सरदार हसून बोलिले, "या जासूद, पण बसा म्हणू कोठे? आमच्याकडे जमीनच नाही. पाट मांडला तर पाटच बुडतो."

"सरदार, मधल्या ढगांत ऊब बरी दिसते."

"ऊब आहे. पण वारा ऐसा की माडीवरचा पाहुणा तळघरात जातो, आणि तळघरात माझेच ओझे मला सोसवत नाही. पाळणा टांगावयास आढे नाही हो. तुम्ही लेकींकडे पाहा."

मग धूमाजी लेकींकडे गेला. पहिलीच्या अंगणात जागोजाग आग, पाय ठरेना. दुसरी हिमाई, तिजवर बर्फाचे कवच, आणि दिवा कोठेच नाही. बेचिराग म्हणोन निरोप धाडावा आणि मोकळे व्हावे ऐसे त्याचे मनात आले, तोच कवचास भेगा दिसल्या, ताज्या, तांबूस कडांच्या, आणि त्याने कान लाविला तो आत पाणी हलत होते, पृथ्वीबाईंच्या सर्व समुद्रांहून अधिक.

"बाई, महाराजांचे ऊन येथवर पुरत नाही, मग पाणी गोठले कैसे नाही?"

"बाबा एकीकडून ओढतात, बहिणी दुसरीकडून. कणीक तिंबावी तैशी मी रोज तिंबली जाते. अंग ऊन राहते."

"आत कोणी आहे काय?"

"मला तरी कोठे कळते? पाणी हलते की कोणी हलते, पहिलटकरणीस काय उमजणार."

"मग दार उघडून पाहू. मी एक टक्कर देतो."

"आणि टकरीबरोबर तुझ्या अंगाची धूळ आत जाईल. कोठकोठले हिंडून आलास. बाळंतिणीच्या खोलीत तुमच्यात ऐसेच शिरतात वाटते?"

धूमाजी वरमला. दौलतीत चाल ऐशी की बाळंतिणीचे दार लोटलेले, चौकटीस कडुलिंब, आलेल्याने पाय धुवावे आणि उंबऱ्याबाहेर उभे राहावे. आणि मग त्यास उमजले की त्या खोलीत दिवा अखंड असतो, परंतु आत असतो. बाहेरून पाहील त्यास काळोखच दिसेल. हे दुरून सांगितले तर पंत शिरस्ता पुढे करून दार फोडवितील, म्हणोन तो स्वतःच हुजुरास निघाला, आणि जो जो जवळ आला तो तो झिजत गेला.

पंतांनी पुसले, "दिवा पाहिला?"

"नाही."

"कोणी जीव पाहिला?"

"नाही."

"मग पाहिले तरी काय?"

"हिमाईचे बंद दार पाहिले, पंत. आत पाणी हलत होते, आणि ऊन होते."

दरबार हसला. पंत म्हणाले, "अंग वितळते आहे तैशी अक्कलही वितळली."

"पंत, घरी बाळंतीण असता आपण दिवा अंगणात ठेविता काय?"

बुधाजीपंतांस लेकरू नाही, एक चंद्रही नाही. तेव्हा पृथ्वीबाई सावकाश बोलिल्या, "महाराज, माझ्याही घरी पहिली हालचाल पाण्यातच जाहली असावी, आणि पुष्कळ काळ बाहेरून कोणास काही दिसले नाही. तेव्हा कोणी दार फोडिले असते तर आज मजकडे दिवा कैसा असता?"

मग महाराजांची आज्ञा जाहली, "जेथे आमचा उजेड पोहोचत नाही, तेथे बेचिराग म्हणावयास आम्ही कोण? हिमाईस ओसाड म्हणू नये, नांदतीही म्हणू नये. जो जाईल त्याने पाय धुवून उंबऱ्याबाहेर उभे राहावे आणि कान द्यावा."

धूमाजी निम्मा उरला होता. तो परतून हिमाईपाशी आला. तिने पुसले, "काय जाहले?"

"दार राहिले."

"आणि तू इतका वाळलास कशाने?"

"उन्हातून आलो," तो म्हणाला, आणि धुतल्या अंगाने उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

तात्पर्य, गुरूचे घरी उभे राहावयास भुई नाही, तेथे वस्तीची आशा थोडी. लेकीचे पोटी पाणी आणि ऊब, तेथे आशा आहे, खात्री नाही. ठाऊक तितुके लिहिले, नाही ते लिहिले नाही. दारी उभा राहील त्याने उतावीळ होऊ नये. इति.