तेहतीस तारांची सायकल

आटपाट नगर काही नव्हतं, नेर होतं. नेरात बसस्टँडच्या मागं एक म्हातारी राहत होती, तिचं नाव सत्यभामा. तिला मुलगा होता पुंडलिक, सून होती विमल, नात होती प्राची, आणि औंदा नवाकोरा नातजवाई मिळाला होता, श्रेयस. सगळं होतं. अक्कल तेवढी नव्हती. ती म्हातारी म्हणजे मीच. (दुसरीची गोष्ट असती तर मी आतापर्यंत तिखटमीठ लावून गावभर केली असती. स्वतःची सांगायची म्हटलं की पदर तोंडाशी जातो.)

औंदा अधिक महिना आला, आणि जवायाचा तो पहिला धोंडा. जवायाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीसचं वाण द्यायचं. तेहतीस अनारसे, नाहीतर तेहतीस बत्तासे, काहीतरी जाळीदार. पुंडलिकनं फोनवर विचारलं, "जवाईबापू, अंगठी करावी म्हणतो."

"अंगठी नको मामाजी. मला सायकलचे पार्ट घेऊन द्या. मी तिथं येऊन जोडतो."

मी विमलला विचारलं, "काहून वं, बाजारात जोडलेली भेटत नाही काय?"

"भेटते ना. पण त्यायले सोताच्या हातानं जोडाची हाये."

मला वाटलं, पोराला ऊन लागलं. मग प्राचीनं नीट सांगितलं. श्रेयस यवतमाळला एका कचेरीत कॉम्प्युटरपुढं बसतो, पण जीव सगळा सायकलीत. घराच्या खाली रस्त्यावर त्यांचा एक गाळा रिकामा आहे. तिथं त्याला सायकलचं दुकान टाकायचं आहे. त्याचे वडील, म्हणजे आमचे इवाई नीळकंठराव, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, कडक माणूस. ते म्हणाले, "तुझ्या हातानं आजवर भिंतीत खिळा सरळ गेला नाही. आधी एक सायकल जोडून दाखव. मी स्वतः बसून पाहीन. चालली तर गाळा तुझा, नाही तर धोंडा झाला की भाड्यानं देऊन टाकतो."

म्हणजे पोराचं नशीबच आमच्या अंगणात जोडलं जाणार होतं.

नागपूरहून दोन खोकी आली. फ्रेम, पुढचा चिमटा, हँडल, सीट, दोन रिमा, टायर-ट्यूब, चेन, पायडल, एका डबीत छर्रे, एका डबीत ग्रीस. सोबत हत्यारं: पाने, पक्कड, पेचकस, हवेचा पंप. आणि कागदात गुंडाळलेल्या चाकाच्या चकचकीत तारांच्या दोन जुड्या. मी म्हटलं, वाण आहे, असं खोक्यात कसं द्यायचं? तांब्याचं ताट काढलं, पान्याला कुंकू लावलं, पकडीला कुंकू लावलं, तारा सोडून मोजायला बसले. मला लिहिता येत नाही, पण मोजायला मी कोणाला ऐकत नाही. एकेका जुडीत निघाल्या छत्तीस.

छत्तीस! नव्या जोडप्याला कोणी छत्तीस देतं का? आणि अधिकाचं वाण तेहतीसचंच. नागपूरच्या दुकानदाराला रीतभात कुठली असायला. मी दोन्ही जुड्यांतून तीन-तीन तारा काढल्या, तेहतीस-तेहतीस ताटात मांडल्या, वर दिवा ठेवला. अनारशाला जाळी असते, चाकालाही जाळी असते. मनात म्हटलं, सत्यभामे, तुझ्यासारखी तूच.

जवाईबापू आले, वाण घेतलं, पाया पडले, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात निंबाखाली पोतं अंथरून बसले. पुढ्यात मोबाइल, मोबाइलात एक बाप्या चाक जोडून दाखवत होता. श्रेयस तार ओवायचा, थांबायचा, पुन्हा ओवायचा. दुपारपर्यंत चाक झालं. मग त्यानं सगळं उकललं. पुन्हा जोडलं, पुन्हा उकललं. इकडं मी चुलीवर वांगी भाजत होते, कौतुकानं पाहत होते. म्हटलं, किती मन लावून करून राह्यला!

संध्याकाळी प्राचीचा आवाज चढला.

"तू व्हिडिओ नीट पाहतच नाहीस!"

"मग तूच जोड ना! बस इथं!"

"मी कायले बसू? दुकान तुले टाकाचं हाये!"

पहिल्या धोंड्याला नवरा-बायकोचं भांडण. मी लगबगीनं गेले. "काय झालं जवाईबापू?"

त्यानं रिम माझ्यापुढं धरली. "आजी, हे पाहा. प्रत्येक भोकात एक तार बसते. भोकं छत्तीस. तारा तेहतीस. दोन्ही चाकांत तीन-तीन भोकं रिकामी राहतात. माझंच काहीतरी चुकतंय."

मी रिम उलटीसुलटी करून पाहिली. तोंडातून निघालं, "राहू द्या जी. तेवढीच हवा खेळते."

(हे मी जवायाला बोलले. आजही आठवलं की भिंतीकडं तोंड करून बसावं वाटतं.)

त्यानं दुकानदाराला फोन लावला. दुकानदार शपथेवर सांगत होता, पुऱ्या छत्तीस-छत्तीस पाठवल्या. श्रेयसनं फोन ठेवला आणि डोकं धरलं. नेरात त्या मापाच्या तारा मिळेनात. आणि नीळकंठराव दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं यवतमाळहून निघणार होते.

तुम्ही म्हणाल, सहा तारा आणून द्यायच्या अन् मोकळं व्हायचं. द्यायला हव्या होत्या हो, पण त्या द्यायच्या स्थितीत होत्या कुठं? ज्यादाची वस्तू फेकू नये म्हणून मी त्या चुलीपाशी नेल्या होत्या. वांग्यात खुपसून फिरवायला इतक्या सोयीच्या की काय सांगू! काळ्या पडल्या होत्या, तेल-राखेनं माखल्या होत्या, आणि दोन तर वाकून कोयता झाल्या होत्या. जेवणं उरकल्यावर मी पाट्यावर वरवंट्यानं सरळ करायला बसले.

विमल आली. "आई, काय कुटून राह्यल्या?"

"मिर्च्या."

"खणखण वाजते त्या मिर्च्या?"

"वाळल्या हायेत."

तारा सरळ झाल्या नाहीत, चपट्या झाल्या. फाटकाबाहेर सरपणाच्या तुराट्यांचा ढीग होता, मी त्या त्याखाली दडवल्या. जवायासमोर डोईचा पदर पडला तरी आम्ही जीभ चावतो, आणि मी काय सांगू, तुमच्या चाकावर वांगी भाजली? आणि रात्री तुम्हीच दोनदा मागून खाल्लं ते भरीत?

नीळकंठराव आले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. पाणी पिण्याआधीच विचारलं, "कुठं आहे गाडी?"

पोरानं रात्र जागून जोडलेली सायकल निंबाखाली उभी होती. दिसायला देखणी, पण चाकं तेहतीस तारांचीच. श्रेयस म्हणाला, "बाबा, आठ दिवस थांबा. तारा कमी आल्या. चालेल, पण डुलेल."

"हेच! परीक्षेत मार्क कमी पडले तर पेपर कठीण. सायकल झाली नाही तर तारा कमी. नेहमी दुसऱ्याचंच नाव!"

पोरानं मान खाली घातली. आणि मी? खांबाआड उभी राहून म्हणते काय, "इवाई, आधी जेवून घ्या. भरल्या पोटी बसा." एवढंच बोलता आलं मला.

"बसतो म्हणालो होतो, बसणारच," म्हणत नीळकंठराव बसले. देह चांगला भरलेला. अंगणात एक चक्कर झाली. चाक डुलत होतं, तरी चालत होतं. दुसरी चक्कर झाली. मी देवाचं नाव घेत होते. तेवढ्यात इवायांना जोर चढला, फाटकातून बाहेर गेले, वळणावर चाक लचकलं, आणि इवाई सायकलीसकट तुराट्यांच्या ढिगात! आम्ही धावलो. इवायांना खरचटलंसुद्धा नव्हतं. पँट मात्र मागून पुरती गेली. गावातली अर्धी पोरं जमली होती.

नीळकंठराव शर्ट मागं ओढत उठले. "पाहिलं? गाळ्याचा विषय संपला."

प्राचीचे डोळे भरले. तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. तुराट्या विखुरल्या होत्या, माझ्या सहा तारा तिथंच उघड्या पडल्या होत्या. मी त्या उचलल्या अन् पुढं केल्या.

"इवाई, पोराचं काही चुकलं नाही. तारा म्या काढल्या. वाण तेहतीसचं असते म्हून."

"आणि या काळ्या कशानं झाल्या?"

"वांग्यानं."

श्रेयस तारांकडं पाहत होता, मग माझ्याकडं, मग स्वतःच्या पोटाकडं. मी जमिनीकडं पाहत होते. जमीन काही दुभंगली नाही. आमच्या भागातली काळी माती उन्हाळ्यात एवढी फाटते, पण कामाच्या वेळी नाही फाटली.

नीळकंठरावांनी चाक उचललं, रिकामी भोकं मोजली. बराच वेळ मोजली. मग मुलाला म्हणाले, "मघाशी कमी आल्या म्हणत होतास, ते खरंच होतं तर."

"हो बाबा."

"आणि एवढ्यावर माझ्यासारखा माणूस दोन चकरा मारून फाटकाबाहेर गेला?"

"हो बाबा."

"मग पुऱ्या तारा असत्या तर यवतमाळला पोचलो असतो." आणि ते हसायला लागले. असे हसले की मागं धरलेला शर्ट सुटला. पुंडलिकनं धावत जाऊन लुंगी आणली. इवायांनी धोंड्याचं जेवण लुंगीवरच केलं, आणि तिसरा धोंडा घेता घेता म्हणाले, "श्रेयस, गाळ्याची किल्ली तुझ्या आईकडं आहे. मागून घे." प्राचीनं नवऱ्याच्या पानात तूप वाढलं, न विचारता.

दसऱ्याला दुकान उघडलं. गिऱ्हाईक म्हणाल तर उभं राहायला जागा नाही. जसं प्राचीचं भाग्य उजाडलं, तसं तुमच्याही लेकीबाळींचं उजाडो.

मी महिन्यातून एकदा दुकान पाहायला जाते. जवाईबापू मोठ्या मानानं उठतात, पाया पडतात, आणि माझ्यासाठी खुर्ची मांडतात. रस्त्याच्या पलीकडं, चहावाल्यापाशी. म्हणतात, तिथून दुकान फार छान दिसतं.