तांबवेकर काकांची बुरशी

वरातीत नवरदेव घोडीवर चढला, की सगळे टाळ्या वाजवतात. आमचे तांबवेकर काका मात्र खेदाने मान हलवतात आणि शेजारी उभा असेल त्याच्या कानात सांगतात, "चढला शेंड्यावर. मालिक बदल गया, भिया!" एकदा तो शेजारी उभा असलेला माणूस नेमका नवरीचा बाप निघाला. तेव्हापासून आमच्या स्नेहलतागंजच्या गल्लीतले लोक काकांना वरातीला बोलावत नाहीत, थेट जेवायला बोलावतात.

ह्या 'मालिक'चा अर्थ कळायला मला बरेच दिवस लागले. अठरा वर्षांपूर्वी मी लग्न होऊन नागपूरहून इंदूरला आले, तेव्हा काका शेतकी कॉलेजात कीटकशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात शेजाऱ्यांना शिकवायचे. त्यांचा सगळा जीव एका बुरशीवर. सोयाबीनवरच्या हिरव्या अळीच्या अंगात ही बुरशी शिरते. अळीला काका इथल्या पद्धतीने इल्ली म्हणतात.

"इल्लीचा स्वभाव काय बेटा? पानाखाली लपून खात राहायचं. पण बुरशी आत गेली ना, की चार-सहा दिवसांत ती खाणंपिणं सोडते आणि चढत चढत एकदम शेंड्यावर. पानाला घट्ट पकडून तिथेच मरते. मग पांढरी होते, आणि वरून बुरशीची हिरवट पावडर खालच्या सगळ्या इल्ल्यांवर! मतलब चालली इल्ली, पण चालवलं कोणी? मालिक बदल गया!"

वर चढणारा कोणीच त्यांच्या तावडीतून सुटत नाही. माझा दीर संध्याकाळी मोबाइल घेऊन गच्चीवर जायला लागला, तेव्हा काकांनी खालूनच निदान केलं. सहा महिन्यांत त्याचं लग्न ठरलं. नवऱ्याला प्रमोशन मिळालं तेव्हा काका पेढा खाता खाता त्याच्याकडे इतक्या काळजीने बघत होते, की बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी रक्त तपासून घेतलं.

तेव्हा सुमनकाकू होत्या. पावसाळ्यात त्यांच्या खिडकीच्या काचेला मेलेल्या माश्या चिकटलेल्या असायच्या, पंख वर केलेल्या, भोवती पीठ सांडल्यासारखं पांढरं कडं. तीही बुरशीचीच करामत. ती काच पुसायला काकांची सक्त मनाई. काका भिंग घेऊन तासन्‌तास तिथे उभे, आणि काकू आतून ओरडायच्या, "अहो, माश्यांची विचारपूस झाली असेल तर चहा घ्या!" मग मलाही हाक यायची. त्या खिडकीत बसून आम्ही तिघांनी किती कप चहा प्यायला असेल! आता शहर स्वच्छतेत पहिलं आल्यापासून माशी दिसत नाही. काका म्हणतात, "नंबर आला ते ठीक आहे, पण एक तरी ठेवायची होती यार." आणि चार वर्षांपूर्वी काकूही गेल्या. मला अजून त्या चहाची फार आठवण येते.

गेल्या पावसाळ्यात काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभर मुलीकडे पुण्याला निघाले. जायच्या दिवशी माझ्या हातात एक बाटली देऊन गेले. आत शिजवलेला भात आणि त्यावर फिकट हिरवी भुकटी. बाटलीवर चिठ्ठी: 'सुमन, हातोद.'

"आमच्या लग्नाला आठ दिवस झाले होते," काका म्हणाले. "बायकोला फिरायला न्यायचं म्हणून मी नेलं हातोदला, सोयाबीनच्या शेतात."

"काका! नव्या नवरीला?"

"अगं, पीक चांगलं होतं! मी दोन वर्षं शोधत होतो ही बुरशी. सापडत नव्हती. आणि ही नवी साडी सावरत म्हणते, 'अहो, हे खडूसारखं पांढरं काय बसलंय वर?' तीच ही. तिने शोधली म्हणून तिचं नाव. दर पावसाळ्यात जिवंत इल्लीवर चढवतो, परत भातावर घेतो. नुसत्या भातावर ठेवली तर आळशी होते. तिच्या हातचं घरात आता एवढंच जिवंत आहे, माधवी. फ्रिजमध्ये ठेव. संभाळ."

मी संभाळली. म्हणजे दुधाच्या पिशव्यांमागे लपवली आणि सासूबाईंना काही बोलले नाही. बुरशी म्हटलं असतं तर त्यांनी बाटलीच काय, फ्रिजसुद्धा घराबाहेर काढला असता. आमच्या सासूबाई म्हणजे अस्सल इंदुरी. पाहुण्याने केळ्याची साल चुकीच्या डब्यात टाकली, तर पाहुण्याला हाक मारून परत काढायला लावतात.

तीन आठवड्यांनी ऑफिसातून घरी आले, तर ओट्यावर बाटली पालथी घातलेली, घासून लख्ख.

"हिरवा भात ठेवते का कोणी फ्रिजमध्ये?" सासूबाई म्हणाल्या. "कचऱ्याची गाडी आली होती, दिला टाकून."

मी जागच्या जागी रडायला लागले. सगळं ऐकल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. त्या रात्री दोघीही धड जेवलो नाही.

काका परत आले तेव्हा मी ती रिकामी बाटली घेऊनच गेले. त्यांनी ती काळ्या चष्म्यातून बराच वेळ न्याहाळली.

"ओल्या कचऱ्यात टाकली ना?"

"ओल्यात."

"मग ठीक," ते म्हणाले आणि आत गेले. चार दिवस त्यांनी गल्लीतल्या कोणाचाच मालिक बदलला नाही. शेवटी सासूबाईच मला म्हणाल्या, "अगं, जिथली होती तिथे ने ना त्यांना."

रविवारी आम्ही कारने हातोदला गेलो. काकांच्या ओळखीचे शेतकरी दाजी मोठ्या अभिमानाने शेत दाखवायला लागले. "देख लो काकाजी, दवाई छिटक दी. एक इल्ली नी बची!"

काकांचा चेहरा पडला. सोयाबीनवर अळी नाही म्हणून कोणी दुःखी होतं, हे दाजींनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं असावं. ते इतके ओशाळले, की स्वतःच आमच्याबरोबर अळ्या शोधायला लागले. दोन तास आम्ही चिखलातून वाकून फिरलो. काका प्रत्येक ओळीशी थांबत होते, पानं उलटत होते आणि पुढे जात होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

विहिरीमागे एक अरुंद पट्टी होती. तिथे फवारा पोहोचला नव्हता. तिथल्या एका झाडाच्या अगदी वरच्या पानावर मला ती दिसली. पांढरी, कडक, पानाला घट्ट धरून बसलेली.

"काका!"

ते आले, चिखलातच बसले, चष्मा काढला आणि लहान मुलासारखे रडले. दाजी गुपचूप पाणी आणायला गेले.

घरी आल्यावर काकांनी ती अळी नव्या बाटलीत ठेवली आणि चिठ्ठीवर लिहायला घेतलं. मी म्हटलं, "काका, काकूंचंच नाव लिहा ना."

"नाही." ते एकदम चिडले. "जिंदगीत झूठं लेबल नाही लावलं मी. सुमनने शोधलेली ती गेली. ही तू शोधलीस." आणि त्यांनी लिहिलं: 'माधवी, हातोद.' मी उठले, चपला घातल्या.

"बेटा," काका बाटलीकडे बघतच म्हणाले, "एक नियम असतो ह्यात. जिच्या नावाची असते, तिने रोज सकाळी येऊन बघायची असते. दहा मिनिटं. चहा मी करीन."

असा नियम कुठल्याही शास्त्रात नाही, एवढं अठरा वर्षांत मलाही कळलं होतं. मी म्हटलं, "किती वाजता येऊ?"