असानकुलची निसटलेली मासोळी

इंटरनेटवर माणूस काय लिहितो ते वाचून तो मनाने खचलाय का, हे सांगणारा एक प्रोग्रॅम चिनाराच्या बिश्केकमधल्या ऑफिसात तयार झाला होता. चाचणी म्हणून तिने सहज आपल्या वडिलांच्या पोस्ट त्यात टाकल्या आणि पडदा लालभडक झाला.

तिने पोस्ट वाचल्या. ‘आज पुन्हा हातातून निसटली.’ ‘खोल पाणी. मी एकटाच.’ आणि कालची, ‘उद्या आर की पार.’

आई गेल्यापासून वडील, असानकुल, दूर डोंगरातल्या नारीन गावी एकटेच राहायचे. त्यांचा फोन लागेना. तिने तिथल्याच आत्याला, कुलीपाला गाठलं.

“आत्या, आधी बाबांकडे जा!”

“अगं, परवाच माझ्याकडे मटणाचं बेशबरमाक हाणून गेलाय. खचलेला माणूस दुसऱ्यांदा मागून घेतो होय?”

“वरून हसणारेच आतून खचलेले असतात. मशीन सांगतंय!”

कुलीपा गेली. दार उघडं, किटली कोमट, माणूस गायब. तिने गल्ली गोळा केली, दुपारभर बाजार आणि बसथांबे धुंडाळले. पाच तासांनी चिनारा टॅक्सीने पोचली तेव्हा अंगणात इमामसाहेब होते, नर्सबाई होत्या आणि एक शेजारी ‘लागला तर’ म्हणून दोर घेऊन आला होता.

चिनाराला ‘खोल पाणी’ आठवलं आणि सगळे नदीवर धावले. असानकुल कमरेएवढ्या पाण्यात पाठमोरा, पुढे झुकून उभा होता.

“बाबा, नका!” चिनाराने बुटांसकट उडी घेतली, डोळे मिटून त्याच्या कमरेला मिठी मारली. कुलीपाने मागून चिनाराला धरलं. तिघंही पाण्यात बसले. समोर कसलासा फटकारा बसला, मोठा खळबळाट झाला आणि मग सगळं शांत.

असानकुलने गळाच्या काठीकडे पाहिलं. “गेली. महिनाभर मागे होतो तिच्या.”

“कुणाच्या?”

“मासोळीच्या! या वयात आणखी कुणाच्या?”

“मग पोस्टबरोबर फोटो टाकायचा ना!”

“फोन पाण्यात पडल्यापासून कॅमेरा चालत नाही.”

“सुटली बिचारी,” कुलीपा झगा पिळत म्हणाली. मासोळीबद्दल की वहिनीबद्दल, ते कळलं नाही.

काठावर मोजे पिळताना चिनाराने हळूच विचारलं, “खरंच वाईट वाटत नाही, बाबा?”

“वाटतं की. घर फार शांत असतं गं. नदीवर शांत असलं तरी चालतं.”

“मग मला फोन करायचा.”

“तू कामात असतेस.”

 चिनाराने काठावर टाकलेल्या पर्समधून फोन काढून ऑफिसला आठवडाभराची रजा कळवली.

संध्याकाळी सगळी गल्ली असानकुलच्या घरी चहा आणि तळलेल्या बोरसोकला जमली. पहिल्या पेल्याला मासोळी हातभर होती. तिसऱ्या पेल्याला असानकुलने दोन्ही हात असे पसरले की इमामसाहेबांना सरकून बसावं लागलं.

“थापा!” नर्सबाई म्हणाल्या. “चिनारा, तू शिकलेली, पुराव्याशिवाय बोलत नाहीस. तू तिथेच होतीस. सांग, केवढी होती?”

चिनाराने वडिलांकडे पाहिलं. हात तसेच पसरलेले, आणि चेहरा कितीतरी दिवसांनी एवढा खुललेला.

“बाबा कमी सांगताहेत,” ती म्हणाली.