हमीदभाईंचा कॅनडा

सौदीतल्या यान्बूच्या प्लांटमध्ये रुजू झालो त्याच्या तिसऱ्या दिवशी मी एका पंपाचं ड्रॉइंग मागायला डॉक्युमेंट कंट्रोलच्या खोलीत गेलो. टेबलामागे नीट कातरलेल्या पांढऱ्या दाढीचे, चष्मा कपाळावर ढकललेले एक गृहस्थ बसले होते. मी इंग्रजीत पंपाचा नंबर सांगायला सुरुवात केली.

"पंप कुठं पळून जात नाही," ते मराठीत म्हणाले. माझ्या बिल्ल्यावरचं 'देवरे' त्यांनी आधीच वाचलं होतं. "बसा. आधी मला एक सांगा. ज्या बाईनं दोन अल्बम नुसत्या पियानोवर काढले, तिनं तिसऱ्यात ढोल बडवावेत का?"

"कोण बाई?"

"विनिपेगची!" विनिपेग म्हणजे गुहागरच्या पलीकडचं गाव असावं आणि ही बाई आमच्या दोघांच्या नात्यातली असावी, असा त्यांचा सूर होता. "फसवलं हो तिनं. साफ फसवलं."

हे हमीदभाई. रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीकाठचे. आजोबा गलबतावर, वडील बोटीवर आणि हे स्वतः सौदीतल्या वाळूत. प्लांटमधलं प्रत्येक ड्रॉइंग, त्याची प्रत्येक सुधारित आवृत्ती कुठल्या कपाटात आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. आणि जगात त्यांना रस होता तो फक्त कॅनडाच्या गायक-वादकांत. अमेरिकेचा माणूस त्यांना चालत नसे. इंग्लंडचं तर नावच काढू नका. एकदा मी कुणाच्या तरी गाण्याचं कौतुक केलं, तर म्हणाले, "चांगला आहे. पण सरहद्दीच्या खालचा आहे. तुम्हीच ऐका."

हा नाद लागला सौदीतल्याच हफ्र अल बातिन गावी. तिथं त्यांची पहिली नोकरी. शेजारच्या पोर्टाकेबिनमध्ये एक कॅनेडियन तंत्रज्ञ राहायचा. तो कायमचा परत गेला तेव्हा खोकाभर कॅसेटी यांच्या दारात ठेवून गेला. हमीदभाईंना तेव्हा इंग्रजी जेमतेम यायचं. ते म्हणत, "मी इंग्रजी बायबलावर नाही शिकलो, डिक्शनरीवर नाही शिकलो. मॅनिटोबाच्या गव्हाच्या गाण्यांवर शिकलो."

पण कॅनडाच का, असं विचारलं की दर वेळी नवं उत्तर. एकदा म्हणाले, "ती माणसं हळू बोलतात, समजतं." एकदा, भर जुलैत, एसी बंद पडलेला असताना म्हणाले, "देवरेसाहेब, इथं बारा महिने उन्हाळा. थंडी कुठून तरी आणायलाच लागते ना?"

नवा अल्बम आला की त्याच्यावर रीतसर कारवाई होई. डॉक्युमेंट कंट्रोलमध्ये कागदावर तीन शेरे मारतात: मंजूर, सूचनांसह मंजूर आणि परत पाठवा. हमीदभाई तेच तीन शेरे अल्बमांवर मारत. जाड वहीत डावीकडे अल्बमचं नाव, उजवीकडे तांबड्या पेन्सिलीनं शेरा. नोव्हा स्कोशियाच्या दोन भावांची, व्हायोलिन आणि अ‍ॅकॉर्डियनची जोडी: मंजूर. 'भाऊ भांडलेले नाहीत, हे ऐकू येतं.' मॉन्ट्रियलच्या नऊ जणांचा बँड: सूचनांसह मंजूर. 'घरात माणसं फार झालीत. दोघांना कमी करा.' बँजोवाला एक म्हातारा होता, सस्कॅचवानचा. तो नेहमीच मंजूर. 'गाताना खोकला आला तरी तो कापून टाकत नाही. प्रामाणिक.'

आणि विनिपेगवालीचा तिसरा अल्बम: परत पाठवा.

तेवढ्यावर थांबतील तर ते हमीदभाई कसले. त्यांनी तिला पत्र लिहिलं. मला दाखवायला आणलं. सुरुवात 'आदरणीय मॅडम' अशी होती, पुढे आमच्या ऑफिसची भाषा. 'आपली तिसरी आवृत्ती तपासली. ढोलामुळे पियानो दिसेनासा झाला आहे. दुसरी आवृत्ती वैध समजण्यात येत आहे. सुधारणा करून पुन्हा सादर करावी.' खाली सही, हुद्दा आणि प्लांटचा पोस्ट बॉक्स.

तीन महिन्यांनी खरंच उत्तर आलं. पाकिटात बाईंचा सही केलेला फोटो! मी आनंदानं ओरडलो. हमीदभाईंनी पाकीट उलटं करून झटकलं, आत आणखी काही आहे का पाहिलं आणि फोटो टेबलावर ठेवला.

"सूचनांना उत्तर नाही," ते म्हणाले. "नुसता फोटो. असं काँट्रॅक्टर करतात."

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या खोलीवर चहाला जमायचो. मी, माझी बायको आणि आमची शाळकरी मुलगी. हमीदभाई कॅम्पमध्ये एकटे राहत. त्यांच्या हुद्द्याला फॅमिली व्हिसा मिळत नसे. भाभी गावी होत्या, भेट वर्षातून एक महिना. ते शेवया करत, गाणी लावत, अजान झाली की अर्ध्या ओळीवर थांबवत, नमाज पढून आले की त्याच ओळीपासून पुन्हा लावत. आठवडाभर आम्ही अल्बमबद्दल कितीही खोदून विचारलं तरी त्यांचं एकच, "कारवाई चालू आहे." निकाल शुक्रवारी.

माझी मुलगी एकदा म्हणाली, "अंकल, नोबडी लिसन्स टू होल अल्बम्स नाऊ."

"बेटा," हमीदभाई म्हणाले, "माणूस दहा गाणी ओळीनं लावतो तेव्हा त्याच्या मनात काही असतं. पहिल्या गाण्यावर उठून जाणं म्हणजे सलाम घेऊन चहा न घेता जाणं."

मुलगी त्या दिवशी दहाही गाणी संपेपर्यंत बसली. सातव्याला तिला झोप लागली, पण ती उठून गेली नाही, याची हमीदभाईंनी वहीत नोंद केली.

मग सौदायझेशनचा जोर आला. आपल्या लोकांना नोकऱ्या द्या, असं सरकारनं कंपन्यांना बजावलं. ज्या कंपनीत सौदी माणसं पुरेशी ती हिरवी, कमी ती पिवळी, नाहीतच ती तांबडी. आमची पिवळ्यावर आली होती. कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नव्हता. कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे वाढणार, कुणाचा खलास. डॉक्युमेंट कंट्रोलचा नंबर पहिला लागला. हमीदभाईंच्या हाताखाली माजिद नावाचा सौदी तरुण आला. सहा महिन्यांत त्याला तयार करायचं, तो तयार झाला की यांनी घरी जायचं. म्हणजे आपल्याच हातानं आपली जागा रिकामी करायची.

मला वाटलं, आता हमीदभाई खचतील. मी समजूत घालायला गेलो, तर स्वारी हर्षभरित.

"देवरेसाहेब! पोरगा कॅनडात शिकलाय! पाच वर्षं! बर्फातून चालत कॉलेजला जायचा!"

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, वही घेऊन आले. माजिद येऊन बसतो न बसतो तोच यांनी विचारलं, "विनिपेगवाली प्रत्यक्षात कशी गाते?"

"कोण?" माजिद म्हणाला.

"बरं, ते राहू दे. बँजोवाला म्हातारा?"

माजिदनं मान हलवली. नोव्हा स्कोशियाचे भाऊ? नाही. मॉन्ट्रियलचे नऊ? नाही. शेवटी तो संकोचून म्हणाला, "हमीदभाई, तिकडं फार थंडी. मी पहिला हिवाळा नुसता रडलो. खोलीत बसून अरबी गाणी ऐकायचो. आईच्या आवडीची."

हमीदभाईंनी वही मिटली. दुपारी मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाले, "पाच वर्षं! समुद्रात राहिला आणि कोरडा परत आला." पण जाता जाता वळून म्हणाले, "रडला म्हणतो. म्हणजे मुलगा बरा आहे."

त्यांनी माजिदला मनापासून शिकवलं. कपाटं, शिक्के, आवृत्त्या. जेवणाच्या सुट्टीत एकेक गाणंही ऐकवायचे. माजिद हुशार होता, पण घाईचा. चौथ्या महिन्यात त्याच्या हातून एका ड्रॉइंगची जुनी आवृत्ती साइटवर गेली आणि पंपाचा पाया दोन मीटर भलतीकडे खणला गेला. मॅनेजर लालबुंद होऊन आला. हमीदभाई उभे राहिले आणि म्हणाले, "तपासणी माझी होती." माजिद तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी त्याला कपाटाकडे पाठवून दिलं.

सहा महिने संपले. मूल्यमापनाचा फॉर्म आला. मी दार लावून त्यांच्यासमोर बसलो.

"हमीदभाई, हट्ट करू नका. 'आणखी प्रशिक्षणाची गरज' एवढंच लिहा. खोटं नाही ते. पाया खणलेला सगळ्यांनी पाहिलाय. तुम्हाला सहज वर्षभर मिळेल. ज्या माणसानं विनिपेगवालीला सोडलं नाही..."

"बाईचं नुकसान काय झालं? तिनं फोटो पाठवला," ते म्हणाले. पेन्सिल कानावरून काढून त्यांनी खाली ठेवली आणि पेन घेतलं. "माजिदच्या बायकोला सातवा महिना आहे. इथं ठेवला नाही तर कंपनी त्याला रियाधला पाठवेल. हा तिकडं, ती इकडं, मूल तिसरीकडं." त्यांनी फॉर्मवर सही केली. "मी त्याला सगळं शिकवलं, साहेब. एकट्यानं राहायचं कसं, तेवढं नाही शिकवणार."

मंजूर. सूचना एकही नाही.

पुढच्या पंधरवड्यात त्यांचा कायमचा परतीचा एक्झिट व्हिसा लागला. विमानतळावर माजिदच घेऊन गेला आणि म्हणे यांच्यापेक्षा जास्त रडला.

दीड वर्षानं मी सुट्टीवर असताना त्यांच्या गावी गेलो. खाडीकडे उतरणारी दगडी पायऱ्यांची पाखाडी, जांभ्याचं घर, दारात भाभी. ठेंगण्या, गोऱ्या, डोक्यावर ओढणी. हमीदभाई बाजारात गेले होते. मला बसवून भाभींनी पाणी दिलं आणि समोर बसून विचारलं, "भाऊ, ती विनिपेगची बाई हल्ली काय करते? काही नवीन आलं का तिचं?"

मी तांब्या खाली ठेवला. "भाभी, तुम्हाला कशी ठाऊक?"

"आता काय सांगू! वीस-बावीस वर्षं ऐकतेय मी तिला." त्या हसल्या. "दर शुक्रवारी दुपारी यांचा फोन. फोन टेपजवळ धरायचे. एक गाणं झालं की मला अर्थ सांगायचे. ती स्टेशनात उभी आहे, नवरा गाडीत बसला, बर्फ पडतोय. मी विचारायचे, मग नवरा परत आला की नाय? हे म्हणायचे, पुढच्या अल्बमात कळेल."

"आणि तो तिसरा अल्बम?"

भाभींचा चेहरा एकदम कडक झाला. "मना नाय आवडला! नवरा यायचा राहिला बाजूला आणि ही आपली नाचायला लागली. मी यांना सांगितलं, तिला कळवा."

यान्बूच्या प्लांटमध्ये ज्या निकालांना आम्ही वचकून असायचो, ते सगळे या ओटीवरून सुटत होते तर!

तेवढ्यात हमीदभाई आले. मला मिठी मारली, माजिदच्या मुलीचा फोटो दाखवला आणि पिशवी खाली ठेवायच्या आत, बाहेरगावी असलेल्या त्यांच्या मुलानं पाठवलेल्या स्पीकरवर बँजोवाल्या म्हाताऱ्याचा नवा अल्बम लावला. चार गाणी झाली.

"मंजूर," हमीदभाई म्हणाले.

"काय मंजूर?" भाभी आतून चहा घेऊन येत म्हणाल्या. "म्हातारा थकलाय. आवाज बसलाय. त्याच्या घरच्यांनी सांगायला हवं होतं."

"थकलाय म्हणूनच चांगलं आहे!"

"थकलेल्या माणसानं गप बसावं."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"मना कळत नाय? आन इतकी वर्षं कुणाला विचारत होता?"

हमीदभाईंनी पायात चपला सरकवल्या आणि ताडताड अंगणात जाऊन बाकड्यावर बसले, आमच्याकडे पाठ करून. मी अवघडलो. "माझ्यामुळे उगाच..."

"तुमच्यामुळे कसलं, भाऊ. रोजचं आहे." भाभींनी आवाज खाली आणला. "लग्नाला एकतीस वर्षं झाली. भांडायला लागलो ते आता, हे परत आल्यावर. फोनवर कसं भांडणार? फोन ठेवला की माणूस तिकडं एकटा. म्हणून मी म्हणेन त्याला हे हो म्हणायचे, हे म्हणतील त्याला मी."

त्यांनी माझा चहा माझ्यापुढे ठेवला, दुसरा कप उचलून अंगणात गेल्या आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला, तोंड फिरवून बसल्या. कप मात्र मधोमध ठेवला. थोड्या वेळानं हमीदभाईंनी तो बशीत ओतला आणि बशी आधी भाभींपुढे धरली.

आत म्हातारा गात होता. अल्बम संपला, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.